एक विरुद्ध एक

ठराव वाचून झाला. मांडला बापूजींनी, अनुमोदनही बापूजींचंच. आता मतदान घ्यायचं तर कोरम नव्हता. कोरम दोघांचा. मंडळाचे सभासदही दोनच, आणि त्यांतले मनोहरराव पंधरा दिवसांपूर्वी वारले होते. ठराव त्यांच्याच दुखवट्याचा होता.

उदारमतवादी विचार मंडळ अठ्ठावन्न साली निघालं, धंतोलीत, मनोहररावांच्या बैठकीच्या खोलीत. दर रविवारी चार वाजता. मनोहरराव रेल्वेत हेडक्लार्क, म्हणून सरकारनं कशात हात घालू नये असं त्यांचं मत. सरकारनं चोर धरावेत, सीमा राखावी आणि गप्प बसावं. राजाच्या हातून माणूस सोडवला तो काय मंत्र्याच्या हाती द्यायला? बापूजींचं महाल भागात सायकलचं दुकान, म्हणून सरकारनं सगळंच करावं असं त्यांचं. शाळा नाही, दवाखाना नाही, पोटात काही नाही, मग तुमचं स्वातंत्र्य काय चाटायचं, असं ते विचारत.

मंडळाचा नियम साधा होता. निर्णय बहुमतानं, बरोबरी झाली तर विषय पुढच्या रविवारी. दोन सभासदांच्या मंडळात हा नियम बावीस वर्षं बिनबोभाट चालला. आणीबाणीचा निषेध दोघांनाही करायचा होता, पण निषेधाच्या शब्दांवर एक विरुद्ध एक झालं. शब्दांचा घोळ मिटायच्या आत आणीबाणीच मिटली. स्त्रियांच्या स्वातंत्र्यावर मात्र पहिल्या दिवसापासून दोघांचं एकमत, त्यामुळे तो विषय कधी निघालाच नाही. चहा आतून येई.

पासष्ट साली बापूजींची बायको जया आजारानं गेली. मूलबाळ नव्हतं. सहा दिवस दुकान आणि सातव्या दिवशी मनोहरराव, एवढंच उरलं. त्यातही मनोहरराव त्या सालापासून जास्तच कडवे झाले. नवनवे मुद्दे काढून ठेवत. बापूजी चिडून घरी जात, आठवडाभर पंक्चर काढता काढता उत्तर घोळवत. आठवडा निघून जाई.

आजच्या ठरावात दोनच वाक्यं होती. मंडळाला दुःख झाले आहे. मंडळ आजपासून बंद करण्यात येत आहे. पहिल्या वाक्याला त्यांना तीन दिवस लागले होते.

मनोहररावांच्या पत्नी भागीरथाबाई दोन कप चहा घेऊन आल्या. सवयीनं दोन.

"कोरम नाही, वहिनी," बापूजी म्हणाले. "दुखवटासुद्धा पास होत नाही."

"मी बसली तर?"

"सभासद व्हायला तीन बैठकांची हजेरी लागते."

"बावीस वर्षं मी त्या दाराशी उभी राहून राहिली, ते काय पाहुणी म्हणून?"

बापूजींनी नियमावली चाळली. उभं राहणाऱ्यांबद्दल तीत काही नव्हतं.

भागीरथाबाई मनोहररावांच्या खुर्चीत बसल्या. दुसरा कप त्यांनी स्वतःकडे ओढला. बापूजींनी ठराव पुन्हा वाचला, 'दुःख'पाशी जरा थांबून. मग ठरावाच्या बाजूनं स्वतःचा हात वर केला, खाली घेतला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "विरोधात?"

भागीरथाबाईंनी हात वर केला.

"काहून, वहिनी?"

"बरोबरी झाली न? मग लिहा, विषय पुढच्या रविवारी."

बापूजींनी लिहिलं. "विरोधाचं कारण नोंदवावं लागते," ते खाली बघतच म्हणाले.

"त्यांचं होतं तेच लिहा. सरकारी दवाखान्यात जयाचा चार महिने फुकट इलाज झाला, तेव्हाच त्यांचं मत फिरलं होतं. मले म्हणत, बापूचंच बरोबर आहे. अन् मग दर शनिवारी पुस्तकं काढून विरोधाचे मुद्दे शोधत बसत. म्हणत, एकमत झालं तर तो यायचा बंद होईल."