वस्त्रगाळ माती

"मातीला रचनाच नाही," तपासनीस दाभाडे क्ष-किरणांच्या यंत्रावरून मान वर करत म्हणाला. "कणांत पापुद्रे नाहीत, म्हणजे पापुद्र्यांत अडकलेलं पाणीही नाही. मंगळावरची ही जागा तुम्हाला मिळणार नाही. पुढच्या यानानं परत जा."

चांगुणाबाईचा पारा चढला. "अरे मेल्या, शेजारी हीच माती तापवून पाण्याच्या घागरी भरतायत, आणि आमचीच वांझ?"

"माती चांगली असेल. पण कुणीतरी ती फार घोटलीय. फार घोटलं की पापुद्रे मोडतात, मग यंत्राला काही दिसत नाही. कुणी घोटली?"

सून शेवंता गालात हसली. तिनं कुटलेली भरड चांगुणाबाईनंच "असलं कुटतात होय गं तुझ्या माहेरी?" म्हणत फेकून दिली होती, आणि दोन दिवस खलात घोटून स्वतः वस्त्रगाळ पूड केली होती. आता चांगुणाबाईनं चूक कबूल करायची, तीही सुनेसमोर? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी.

"हिनं घोटली," चांगुणाबाई म्हणाली. "हिला कशातलं काय कळतंय!"

"हो साहेब, मीच," शेवंता म्हणाली.

"मग नियमानं नवा नमुनाही यांनीच द्यायचा." दाभाडेनं कागद पुढं केला. "सासूबाई, साक्षीदार म्हणून अंगठा करा."

चांगुणाबाईनं तोऱ्यात अंगठा उठवला आणि मग विचारलं, "काय लिहिलंय रं यात?"

"नमुना ज्याचा, जागा त्याच्या नावावर."

शेवंतानं तो कागद सकाळीच वाचला होता. पदर खोचत ती म्हणाली, "आत्याबाई, जरा बाजूला सरका. माझ्या जागेत उभ्या आहात."