स्वच्छ आवाज

तळघराची कडी आतून निघाली, तेव्हा वर काचेमागे बसलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई सोडून.

आत दहा शिपाई होते. चांगले दांडगे, लढाई पाहून आलेले. त्यांना बजावलं होतं, काही झालं तरी दार उघडायचं नाही. जो उघडेल त्याची सुट्टी रद्द. भोंगा वाजला, कुणी हललं नाही. स्फोटांचे आवाज ऐकवले, तेव्हा एकाने चक्क जांभई दिली. मग दाराबाहेर ठेवलेल्या काडेपेटीएवढ्या यंत्रातून एक पोर म्हणालं, "आई, दार उघड ना. आई, मला भीती वाटतेय." दहाही जण उठले आणि कडीला हात घालायला एकमेकांना ढकलू लागले. बाहेर पोर नव्हतंच. तरी त्यांच्यातला एक जण खाली बसला आणि त्या यंत्राभोवती आपला कोट गुंडाळू लागला.

यंत्र बाईंनी बनवलेलं. दडून बसलेल्या माणसांना त्यांच्याच पायांनी बाहेर आणायचं, एवढंच त्याचं काम. बाहेर आल्यावर त्यांचं काय करायचं, ते बंदुकवाल्यांचं खातं बघणार होतं. आवाज बाईंच्या मुलीचा होता. चाचणीपुरता म्हणून घरचाच नमुना घातला, मग बदलू म्हणता म्हणता राहून गेलं. तात्पुरतं केलेलं कायमचं होऊन बसतं, हे कुठल्याही कचेरीत चालतंच. इथे ते भलतंच अंगाशी आलं.

"झकास!" साहेब म्हणाले. "बाई, मानलं तुम्हाला. सोमवारी पाठवून देऊ."

"हा आवाज नाही पाठवायचा," बाई म्हणाल्या. "माझ्या लेकीने हाक मारायची, आणि ती ऐकून आलेल्या माणसांना..." पुढचं त्यांना बोलवेना. त्यांनी समोरच्या संगणकावरून नमुना पुसून टाकला. गुप्ततेपायी इथे कशाचीही दुसरी प्रत ठेवत नसत. गेला तो गेलाच.

साहेब चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत. पिकलेल्या केसांचा, खिशातून पेपरमिंटच्या गोळ्या काढून वाटणारा माणूस. नवीन आलेल्यांना तर तो आपल्या आजोबांसारखाच वाटायचा.

"बरं," ते म्हणाले. "बदलू आवाज. कुणाचं मूल आणायचं?"

ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे बोका म्हणायचे. त्याला जुळी होती. तो वायरींमध्ये डोकं खुपसून बसला. शिपायांची नाडी बघायला बसलेल्या डॉक्टरांना नेमका तेव्हाच चष्मा पुसायचा होता. घरोघरी पोरं होती, आणि जो तो आपल्या पायांकडे बघत होता.

"नाटकात काम करणारी मुलं मिळतात," शेवटी डॉक्टर म्हणाल्या. "छान रडतात."

"खोटं रडणं चालत नाही. मागे शिपाई हसले होते. पोर खरंच घाबरलेलं लागतं." हे बाईच बोलून गेल्या. कामाची सवय मोठी वाईट, डोक्याआधी जीभ चालते.

"मग तुमची कशी काय घाबरली होती?" बोक्याने विचारलं.

साहेबांनी खिशातून फोन काढला. "सूनबाई, छकुलीकडे दे बघू फोन. आणि तू जा तुझ्या कामाला, आम्ही बसतो गप्पा मारत." त्यांनी फोन स्पीकरवर टाकून माइकसमोर ठेवला आणि बोक्याकडे बघून मान हलवली. लाल दिवा लागला. तो लागला की कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही. रुजू होताना पहिला धडा तोच.

"आजोबा!" छकुली खुशीत ओरडली.

"राणी, एक गंमत करू. मी दारामागे लपलोय. मला हाक मार."

"आजोबा, दार उघडा!" ती हसत होती. "उघडा ना! उघडलं?"

साहेब गप्प.

"आजोबा, सांगा ना. उघडलं का?"

साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं, समोर बसलेल्यांसाठी आणि बहुतेक स्वतःसाठीही.

"आजोबा? बोला ना. मला नाही खेळायचं हे." हसणं थांबलं होतं. "कुठे गेलात? आजोबा, मला भीती वाटते." साहेबांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि दुसऱ्या हाताने ते बोक्याला खुणावत होते, चालू दे, चालू दे. मग पोरीचा आवाज फाटला. "आई! आई गं!"

पलीकडे दार धाडकन उघडलं, कुणीतरी धावत आलं. साहेबांनी फोन बंद केला.

मघापासून बाईंना ओरडायचं होतं. 'आहे गं बाळा, इथेच आहे,' एवढंच पुरलं असतं. पोर शांत झाली असती आणि नमुना वाया गेला असता.

दिवा विझला. बोक्याने कानांवरचे हेडफोन काढले आणि खाली बघत म्हणाला, "स्वच्छ आलाय."

तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं, की इतका वेळ त्यांनी श्वास रोखून धरला होता.