वणीला एकच रस्ता

"आमची वणी काय सावत्र हाय का?" झुंबररावांनी टेबलावर थाप मारली.

पतसंस्थेच्या नाशिकमधल्या द्वारका भागातल्या मुख्य कचेरीत मीटिंग चालू होती. कंत्राटावरच्या पूजा निकमने सगळ्या शाखांचं नेटवर्क नव्याने मांडलं होतं. ते पटलं तर ती नोकरीत कायम, नाहीतर काम पुण्याच्या कंपनीला, असं चेअरमन रविराजशेठनी तोंडावरच सांगितलं होतं. आणि समोर वणी शाखेचे मॅनेजर झुंबरराव! या माणसाच्या तावडीतून भलेभले सुटले नव्हते.

"सायखेडा शाखेच्या राउटरला सगळे मार्ग पाठ, अन् आमच्याला फक्त एक?"

"साहेब, सायखेड्याला दोन लाइनी आहेत, त्याला निवड करावी लागते," पूजा शांतपणे म्हणाली. "वणीला एकच. वणीच्या माणसाला मुंबईला जायचं असो की पुण्याला, आधी नाशिकच गाठतो ना? मग पुढचे फाटे पाठ करून काय करायचंय? पुढचं द्वारका बघेल. याला स्टब एरिया म्हणतात."

"अन् बाहेर कुठं लाइन तुटली तर?"

"वणीला कळवायचंच नाही. जगाच्या भानगडी डोक्यात नसल्या की तुमचा जुना राउटरही झकास चालेल."

काय पोरगी! रविराजशेठ चहा प्यायचा विसरले. झुंबरराव मात्र हटेनात.

"थांबा. उद्या वणीनंच बाहेरची एखादी लाइन जोडली, तर द्वारकेला कळायचं कसं? तुम्ही तर दारच लावून घेतलं!"

पूजाचा चेहरा उतरला. सगळे तिच्याकडे बघत राहिले. मग तिने मार्कर उचलला आणि फळ्यावर वणीभोवती नवं वर्तुळ काढलं.

"तर एरियाचा प्रकार बदलायचा. परक्यांच्या बातम्या आत घ्यायच्या नाहीत, पण आपल्या नव्या लाइनीची खबर द्वारकेला द्यायची. याला नॉट सो स्टबी म्हणतात, म्हणजे दार अर्धंच लावलेलं."

मानलं बुवा! अडली खरी, पण हरली नाही.

"झुंबररावांना गप्प करणारं माणूस आज पहिल्यांदा बघितलं," रविराजशेठ म्हणाले. "निकमबाई, तुम्ही कायम!"

संध्याकाळी झुंबररावांनी द्वारकेच्या गर्दीतून मोटारसायकल काढली. मागे पूजा बसली होती.

"आबा, शेवटचा प्रश्न आपण घरच्या तालमीत बसवलाच नव्हता. घाम फुटला मला!"

"काय करू, सूनबाई? तेवढा एक मला खरंच कळला नव्हता."