रिकामीचा शिक्का

"आता साखळीला खरी यंत्रणा द्या," साहेब म्हणाले. "भरलेली पाडत नाही म्हणता ना? बघू तरी."

नुसती तालीम होती. काही पाडलं जाणार नव्हतं. ताईंनी बटण दाबलं.

सॉफ्टवेअर उभारायची आणि पाडायची, म्हणजे पार पुसून टाकायची, ही साखळी त्यांनी सहा महिने खपून रचली होती. प्रत्येक पायरीला ठरावीक प्रकारचीच वस्तू चालायची. पाडायच्या पायरीला 'रिकामी' असा शिक्का असलेली यंत्रणाच लागे, आणि तो शिक्का माणसाला मारता येत नसे. आधीची पायरी नोंदी तपासून मारायची. आज साहेबांना पटली तर साखळी लागू. नाहीतर पुन्हा हातानेच पाडापाडी.

पडद्यावर अक्षरं उमटली: रिकामी. पाडायला हरकत नाही.

"एकतीस दवाखान्यांचे रुग्ण आहेत तिच्यात," साहेब म्हणाले. "आणि ही म्हणते रिकामी. चाचणीची द्या."

चाचणीची यंत्रणा दोन वर्षांपूर्वीच्या मोठ्या बिघाडात दवाखान्यांचं काम दोन दिवसांपुरतं वळवायला उभारलेली. ती आज पाडायची होती.

भरलेली. पाडता येणार नाही.

"ताई, तुमची सून दिसते ही," देखभाल बघणारे मास्तर म्हणाले. "सांगाल त्याच्या उलट."

सगळे हसले. ताईही हसल्या, पण कान तापले होते. "अट उलटी लिहिली गेली असेल माझ्याकडून. दहा मिनिटं द्या."

"पाच. नाहीतर मास्तर, तुम्ही हाताने उरका."

ताईंनी ती ओळ वाचली. बरोबर वाटली. पुन्हा वाचली, तरी बरोबरच. पण उत्तर चूक होतं, हे तर खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. चौथ्या मिनिटाला त्यांनी अट फिरवली.

पुन्हा तालीम. खरी: भरलेली. चाचणीची: रिकामी.

"हां, आता कसं," साहेब म्हणाले. "उद्यापासून हीच साखळी वापरायची. पाडा आता, खरोखर."

ताईंनी पाडली. अकरा सेकंदांत सगळं साफ, राखून ठेवलेल्या प्रतींसकट. एकही पायरी अडली नाही.

"मानलं, ताई," मास्तर म्हणाले आणि टेबलावरचा वाजणारा फोन उचलला. ऐकता ऐकता ते खुर्चीत बसले.

"दवाखान्यातून आहे," ते म्हणाले. "पडद्यावर एकाही रुग्णाचं नाव दिसत नाहीये म्हणतात."