चिमण्याची दाढी

"केस कुठे हरवून आलास सगळे?" ढोल्याने दारातल्या माणसाला विचारलं, तशी बाकावर नंबर लावून बसलेली तिन्ही गिऱ्हाइकं दचकली.

दारातला माणूस मेंदूचा सर्जन होता. त्याचा फोटो पेपरात यायचा. हा आमचा चिमण्या, शाळेत एका बाकावर बसायचो, असं ढोल्या आपल्या सलूनमध्ये वीस वर्षं सांगत आला होता, आणि गिऱ्हाइकं मान डोलावून गालातल्या गालात हसत आली होती. आज चिमण्या स्वतःच्या पायांनी आला आणि थेट खुर्चीत बसला.

"केसांची वाट तूच लावलीस," तो म्हणाला. "नऊ वर्षांचे होतो. बापाची कात्री पळवून आणलीस आणि माझ्या डोक्यावर जिना काढलास."

"आणि मार तू खाल्लास."

"पण तुझं नाव नाही सांगितलं."

"माहितेय. खिडकीखाली उभा होतो मी."

दोघांची आरशात नजरानजर झाली. मग चिमण्या म्हणाला, "दाढी कर. वस्तऱ्याने. तूच कर."

शेजारच्या खुर्चीमागे टॉवेल झटकणारी ढोल्याची मुलगी थांबली. सहा महिन्यांपासून बापाचा उजवा हात थरथरत होता. वस्तऱ्याचं काम तिने गुपचूप आपल्याकडे घेतलं होतं. त्यावर बापलेकीत चकार शब्द निघाला नव्हता.

ढोल्याने फेस केला. ब्रशपुरतं निभावलं. मग त्याने वस्तरा उघडला. पातं गळ्यापासून वीतभर अंतरावर आलं आणि बारीक थरथरू लागलं. चिमण्याने ते आरशात पाहिलं. हात बघून दुखणं ओळखणारा माणूस तो. तरीही त्याने डोळे मिटले, मान मागे टाकली आणि गळा मोकळा केला.

बाकावर कुणी हलत नव्हतं. ढोल्याने एक श्वास घेतला आणि वस्तरा मुलीपुढे धरला.

"तू कर."

"अहो बाबा, काका तुम्हालाच म्हणतायत ना..."

"माझ्या दोस्ताचा गळा आहे हा," ढोल्या मोठ्याने म्हणाला, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "इथे दुकानातला सगळ्यात चांगला हातच फिरणार."

पोरीने वस्तरा घेतला. चिमण्याने एक डोळा उघडला. "तुझ्यापेक्षा चांगला?"

"केव्हाच. आता तोंड बंद ठेव, जबड्यावर आलीय ती."

पोरीने त्याची मान इकडे केली, तिकडे केली. हनुवटीखालच्या तिळाला वळसा घालतानाही पातं अडखळलं नाही. शेवटी तुरटी फिरवून तिने टॉवेलने चेहरा टिपला. चिमण्याने गालावरून तळवा फिरवला, पुन्हा उलटा फिरवला.

"माझ्याकडच्या शिकाऊ डॉक्टरांना हिच्याकडे पाठवायला हवं."

"पाठव की," ढोल्या म्हणाला. "नंबर लावून बसावं लागेल मात्र."

त्याने एप्रन काढून खुंटीला लावला आणि गर्दीच्या दिवशी भर सकाळी दुकान पोरीवर सोडून दोस्ताबरोबर बाहेर पडला. रस्ता ओलांडताना चिमण्याने त्याचा उजवा हात हातात घेतला.

"नाडी बघतोस की काय रे?"

"नाही," चिमण्या म्हणाला. "नुसता धरलाय."

समोरून गाडी येत होती. दोघं साठीचे गृहस्थ हातात हात घालून पळत सुटले.