गोधडीची मधली पट्टी

थोरल्या जावेच्या पत्राला धाकटीने उत्तर दिलं नव्हतं. चार ओळींचं तर पत्र. एका डोळ्याने दिसेनासं झालंय, दुसराही मिणमिणतोय. आहे तोवर आपली गोधडी पुरी करू. घेऊन ये, नाहीतर पाठव. धाकटीने ते वाचलं, घडी केली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "अर्ध्यावर टाकून उठताना नाही सुचलं?"

आता त्या पत्राचं उत्तर परदेशातल्या एका दुकानात, लांबरुंद टेबलावर उलगडलं जात होतं.

सुनेच्या बाळंतपणासाठी ती इथे आली होती. येताना ट्रंकेतली गोधडी जशी होती तशीच, घडीसुद्धा न मोडता, बॅगेत कोंबली होती. सुनेच्या घराजवळच हे गोधड्यांचं दुकान निघालं. भिंतभर कापडाचे तागे, काचेच्या बरण्यांत रिळं, आणि मागच्या बाजूला रुळांवर धावणारं शिलाईचं अवाढव्य मशीन. दुकानवाली बाई संध्याकाळपर्यंत राहिलेलं काम पुरं करून देणार होती. मग बाळ आलं की त्याला गोधडीत गुंडाळायचं, फोटो काढायचा आणि थोरलीला पाठवायचा. बघ, तुझ्यावाचून काही अडलं नाही. झालं उत्तर.

गोधडी सासूबाईंच्या जुन्या कपड्यांची होती. दोघी जावा समोरासमोर बसून शिवायच्या. एक या काठाकडून, एक त्या काठाकडून, ओळीमागून ओळ धावदोरा घालत मधे भेटायचं. वीतभर पट्टी उरली आणि एका कढईवरून दोघींची जुंपली. थोरली म्हणाली, "तुझे टाके मोठे आणि तोंड त्याहून मोठं!" आणि ताडकन उठून आत गेली. धाकटीने तिथल्या तिथे गोधडी गुंडाळून ट्रंकेत टाकली. महिना उलटायच्या आत चुली वेगळ्या झाल्या. त्यानंतर कोणीही विचारलं की धाकटीचं एकच वाक्य असे, "आधी ती उठली."

दुकानवालीने गोधडीवरून तळहात फिरवला आणि मधल्या पट्टीशी ती थबकली. काहीतरी बोलली.

"आई, आत सुई राहिलीय," सून म्हणाली. "मशीनखाली आली तर मोडतोड होईल. काढायला हवी म्हणतायत."

धाकटी वाकली. थोरलीच्या बाजूला, शेवटच्या ओळीत, अर्धी कापडात, अर्धी बाहेर. सुई गंजली होती, भोवती तपकिरी डाग पडला होता. नेढ्यात दोरा ओवलेला तसाच होता.

तिने दोऱ्याला बोट लावलं.

रांगत्या पोरांचं घर होतं ते. काम संपलं की सुई डबीत, असा थोरलीचा दंडक होता. तोवर ती जेवायला बसत नसे. कापडात टोचून ती उठायची ते फक्त लगेच परत बसायचं असेल तेव्हा. दाराशी कोणी आलं तर. दूध उतू जात असलं तर.

दूध.

त्या दिवशी आतून करपल्याचा वास आला होता. आणि हाकही आली होती, "अगं, फडकं दे गं जरा!" भांडण झाल्यावरची, पण रोजच्यासारखीच हाक. धाकटीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. ती गोधडी गुंडाळत होती.

दुकानवालीने चिमट्याने सुई धरली. हलेना. तिने पुन्हा जोर लावला. कापड ताणलं गेलं. मग तिने दोरा कापायला कात्री उचलली.

"आई, कापू दे ना?"

कात्रीची पाती दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना आली.

"थांबा!"

दुकानवालीला भाषा कळली नाही, पण हात थांबला.

"अहो, काय झालं?" सून दचकून पोट सावरत म्हणाली. "साधी सुई तर आहे."

"सुई नाही गं ती. जागा धरून ठेवलीय तिने." धाकटीने गोधडी ओढून जवळ घेतली. "सांग यांना, मशीन नको. पोस्ट कुठे आहे इथे?"

"पोस्ट? अहो, तुम्हीच परत जाताना घेऊन जा की."

"तोवर तिचा डोळा थांबायचा नाही. तिची बाजू ती करील. माझी मी परत गेल्यावर."

"आणि बाळाला काय?"

"दुपट्यांचा ढीग घातलाय तुझ्या आईने. जरा वाट बघू दे त्याला. या घरात जन्माला यायचं तर ती सवय लागतेच."

सून हसली. धाकटी हसली नाही. तिने एक नवी सुई आणि रीळ विकत घेतलं. गोधडी मांडीवर ओढून दुकानाच्या कोपऱ्यात ती पाठमोरी बसली. तिने दोरा ओवायला घेतला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला.

पोस्टात कारकुनाने पार्सल वजनाला ठेवलं.

"चिठ्ठी नाही घातली?" सुनेने विचारलं.

"काय करायचीय?"

कारकुनाने काहीतरी विचारलं. "आत टोकदार काही आहे का विचारतायत," असं म्हणून सून त्याच्याकडे वळली आणि तिने एक बोट वर केलं. "एक सुई."

धाकटीने तिची बाही ओढली.

"दोन सांग. तिच्या समोर माझी."

कारकुनाने आकडा लिहिला, शिक्का मारला आणि पार्सल मागच्या ढिगात ठेवलं.