लाल चिंधी

"अल्या निंबा, हे डबडं आणि तू, दोघंही दुपारी बंद पडता. आज दोघांना भंगारात काढतो!" सुरतेतल्या लिंबायतच्या एम्ब्रॉयडरी कारखान्यात शेठ गरजला. डिझाइनचा कॉम्प्युटर पुन्हा अडकला होता आणि तो चालवणारा निंबा घोरताना सापडला होता. पण मेमरीचा कोपरा नासलाय, हे निंबाने सकाळीच हेरलं होतं. त्याने कर्नलला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुकादमाला, एक ओळ लिहून दिली: नासकी जागा मोजूच नको. रीस्टार्ट केल्यावर मशीनच्या सगळ्या सुया धडाधड नाचू लागल्या. कापडात खोट दिसली की कडेला लाल चिंधी बांधतात, कापणारा तेवढंच सोडतो. निंबाने तशीच चिंधी कॉम्प्युटरला बांधली. "शेठ, एवढं सोडून बाकी माल ओके!" दुसरी स्वतःच्या बटणाला. "माझी दुपारची डुलकीसुद्धा मोजू नका." शेठला हसू फुटलं. "आणि ही जीभ?" निंबाने गुमान तिसरी काढली.